लज्जा कशाची बाळगावी?

आपल्या मंडळ्यांतील एखाद्या भगिनीस स्नान करिते वेळी आपल्या स्तनात हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागते. ती दुखत नाही. भगिनी मनाशी म्हणते, "सुगी उरकू दे, मग पाहू, आणि हे सांगावे तरी कोणाला?" असे महिन्यांमागून महिने जातात. या मौनास कोणी विनय म्हणतात, कोणी देवाच्या इच्छेस मान तुकविणे म्हणतात. प्रिय वाचकहो, ते खरोखर तसे आहे काय?

प्रथम रोगाचे स्वरूप जाणावे. स्तनाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही. म्हणून न दुखणे हे निर्भयतेचे चिन्ह नव्हे. स्तनात अथवा काखेत नवी गाठ येणे, कातडीस खळी पडणे किंवा ती संत्र्याच्या सालीसारखी होणे, स्तनाग्र आत ओढले जाणे, त्यातून रक्त येणे, एका स्तनाचा आकार बदलणे, ही त्याची लक्षणे होत. पुष्कळ गाठी कर्करोगाच्या नसतात. परंतु कोणती गाठ कसली, हे तपासणीवाचून कळत नाही. रोग स्तनापुरताच असता उपचार झाले तर पुष्कळ स्त्रिया बऱ्या होतात, व कित्येकींचा सगळा स्तन काढावाही लागत नाही. तोच हाडांत किंवा फुप्फुसांत पसरला म्हणजे त्याचे निर्मूलन बहुधा होत नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ साली झोपडवस्त्यांतील ३५ ते ६४ वर्षांच्या सुमारे दीड लाख स्त्रियांचे दोन गट केले. एका गटातील स्त्रियांची तपासणी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ हाताने केली. २०२१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला, आणि पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, मोठी यंत्रे नव्हती. एकीने दाखविले व दुसरीने पाहिले, इतकेच.

मार्काच्या पाचव्या अध्यायातील रक्तस्रावी स्त्री आठवा. बारा वर्षे पीडित असलेली ती गर्दीत लपून आली. परंतु प्रभूने तिला लपू दिले नाही. तिने सर्वांसमक्ष सारे खरे सांगितले, आणि त्याने तिला कन्या म्हटले, दोष दिला नाही. लज्जा पापाची बाळगावी. व्याधी हे पाप नव्हे. जी आई दुखणे लपविते ती घराचा भार हलका करीत नाही, उद्यावर टाकिते. आणि उद्या तो भार तिच्या लेकरांनी उचलावयाचा असतो. देवाची इच्छा मरणच आहे, हे तपासणीपूर्वी आपण कसे ठरवावे? लूक हाही वैद्यच होता.

लवकर गेलेली प्रत्येक भगिनी वाचेलच, असे वचन कोणी देऊ शकत नाही. परंतु शरीर हे देवाने सोपविलेले धन आहे, आणि कारभाऱ्याने हिशेबाकडे डोळेझाक करू नये.

म्हणून उपदेशकांच्या पत्नींनी स्त्रियांच्या सभेत ही गोष्ट उघड बोलावी. पतींनी सुगीची सबब न सांगता पत्नीस स्वतः दवाखान्यात न्यावे. आणि भगिनींनो, गाठ लागेल त्याच आठवड्यात आपल्या माणसांस सांगा. ते सांगणे निर्लज्जपणा नव्हे; ती विश्वासूपणाची कृती होय.