लोभाची कादंबरी आणि चित्रपटाचें इमान

एखादी गाजलेली कादंबरी पडद्यावर आली, कीं पहिला वाद उपस्थित होतो तो मूळ ग्रंथाशीं चित्रपट कितपत प्रामाणिक राहिला हा. अमुक प्रसंग गाळला, तमुक पात्र बदललें, शेवट फिरविला, अशी झाडाझडती वाचक मोठ्या आवेशानें घेतात, आणि ती घेण्याचा त्यांस अधिकारही आहे. परंतु ज्या कादंबरीचा विषयच द्रव्य आणि द्रव्याचें वेड हा आहे, तिच्या बाबतींत एवढी तपासणी पुरेशी नाहीं, असें आम्हांस वाटतें. तेथें प्रश्न नुसता कलेचा राहत नाहीं. तो नीतीचा होतो. लोभाची परिणति दाखविण्यासाठीं लिहिलेली कथा पाहून प्रेक्षक अधिक लोभी होऊन घरीं परतला, तर प्रसंग न् प्रसंग जसाच्या तसा राखला म्हणून दिग्दर्शकास इमानी म्हणावें काय?

अडचण मुळांत डोळ्यांची आहे. कागदावरचें सोनें चकाकत नाहीं. कादंबरीकार धनिकाच्या वाड्याचें वर्णन करूं लागला, कीं त्याच वाक्यांत तो आपला उपहास किंवा कींव कालवूं शकतो. वाचकाला वाडा आणि वाड्याविषयींचा निवाडा हीं दोन्ही एकाच वेळीं मिळतात. पडद्यावर मात्र वाडा आधीं दिसतो, झुंबरें लखलखतात, वाद्यें वाजूं लागतात, आणि निवाडा मागाहून धापा टाकीत येतो. तोंवर प्रेक्षकाचें मन त्या वाड्यांत राहावयास गेलेलें असतें!

दुसरी अडचण याहून सूक्ष्म आहे. द्रव्याची इच्छा आणि द्रव्याचा लोभ यांतील भेद वस्तूंत नसतो, तो वस्तूच्या इतिहासांत असतो. नागपूरच्या उत्तरेकडील जरीपटक्याचेंच उदाहरण घ्यावें. मराठ्यांच्या सोनेरी निशाणाचें नांव धारण करणाऱ्या या वस्तींत १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित झालेलीं कुटुंबें येऊन राहिलीं. घरदार आणि पेढ्या मागें टाकून आलेल्या या लोकांनीं व्यापाराच्या बळावर आपले संसार पुन्हां उभे केले. अशा एखाद्या घरांतील वृद्धेच्या हातांतलें सोन्याचें कांकण आणि एखाद्या कृपणाच्या तिजोरींतलें कांकण, यांत कॅमेऱ्याला कांहींच फरक दिसणार नाहीं. एकामागें पुन्हां बेघर होण्याचें भय आहे, दुसऱ्यामागें कधींच न शमणारी हांव. पैसा मिळविणें हें पाप नव्हे. पैशाला मर्यादा न उरणें हें पाप. कादंबरीकार हा भेद चार ओळींत सांगूं शकतो. दिग्दर्शकाला तो दाखवावा लागतो, आणि कसा दाखवावा, यांतच त्याची कसोटी आहे.

फिट्झजेराल्डची ‘द ग्रेट गॅट्सबी’ ही १९२५ सालची अमेरिकन कादंबरी या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. दुरावलेली प्रेयसी परत मिळावी म्हणून गॅट्सबी आडमार्गानें अपार पैसा मिळवितो, आणि ज्यांची धड ओळखही नाहीं अशा शेंकडों पाहुण्यांना मेजवान्या घालतो. त्याच्या अंत्यविधीला त्यांतलें जवळजवळ कोणीही फिरकत नाहीं. कादंबरींत मेजवानी आणि स्मशान यांचें वजन सारखें राहतें, कारण दोन्ही गोष्टी आपण निक कॅरवे या एकाच निवेदकाच्या संयत वाणींतून ऐकतों. २०१३ सालीं बाझ लुर्मन यांनीं ही कथा त्रिमिती चित्रपटांत आणली. आपल्याकडील अमिताभ बच्चन यांचीही तींत लहानशी भूमिका होती. निवेदक त्यांतही आहे, प्रसंगही बव्हंशीं मूळचेच आहेत. तरी रोषणाई, वस्त्राभरणें आणि संगीत यांचा असा पूर येतो, कीं शेवटचें एकाकीपण त्यांत वाहून जातें. गॅट्सबीच्या नांवानें आज हौसेनें मेजवान्या होतात. त्या करणारांस त्याच्या रित्या अंत्ययात्रेची आठवण होत असेल काय?

याच्या उलट उदाहरण मूकपटांच्या काळांतलें आहे. फ्रँक नॉरिस यांच्या ‘मॅकटीग’ (१८९९) या कादंबरीवरून एरिक फॉन स्ट्रोहाइम यांनीं १९२४ सालीं ‘ग्रीड’ हा चित्रपट केला. आरंभीं बेचाळीस रिळांचा, आठ तासांहून अधिक लांबीचा तो चित्रपट मालकांनीं कापून दोन-सव्वादोन तासांवर आणला, आणि कापलेला भाग कायमचा नष्ट झाला. प्रसंगांच्या हिशेबानें पाहिलें, तर इतकें खंडित रूपांतर क्वचितच सांपडेल. तरीही मूळ ग्रंथाचें मर्म त्यांत शाबूत आहे. स्ट्रोहाइम यांनीं सोन्याच्या वस्तूंना मुद्दाम पिवळा रंग देवविला. पण सोडतींत पांच हजार डॉलर मिळालेली नायिका नाणीं अंथरुणांत घेऊन निजते, तेव्हां त्या पिवळ्या रंगाची आपल्याला शिसारी येते. अखेरीस डेथ व्हॅली नांवाच्या वाळवंटांत नायक शत्रूच्या प्रेताला बेडीनें जखडलेला उरतो. जवळ सोनें आहे, पाणी नाहीं!

महाराष्ट्रालाही हा मार्ग अपरिचित नव्हता. १९२५ सालीं बाबूराव पेंटर यांनीं कोल्हापुरांत नारायण हरि आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ काढला. त्यांत सावकाराच्या पैशाचें माप त्याच्या तिजोरीवरून घेतलेलें नाहीं; जमीन गमावून शहरांतील गिरणीची वाट धरणाऱ्या शेतकऱ्यावरून घेतलेलें आहे. तो शेतकरी तरुण शांतारामांनीं उभा केला होता.

अलीकडे राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ (२०१८) या हिंदी चित्रपटानें तोच मार्ग पुन्हां चोखाळला. त्याचें नांव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) या कादंबरीवरून घेतलेलें आहे, कथानक मात्र तिचें नाहीं; त्याचें बीज नारायण धारप यांच्या एका गोष्टींत आहे, आणि ती बर्वे यांनीं १९९३ सालीं आमच्या विदर्भातील नागझिऱ्याच्या अरण्यांत मित्राच्या तोंडून ऐकिली होती. रूढ अर्थानें हें कोणत्याच पुस्तकाचें रूपांतर नव्हे. परंतु लोभाची कथा पडद्यावर कशी सांगावी, याचा तो उत्तम पाठ आहे. येथें झुंबरें नाहींत. अखंड पाऊस, चिखल आणि कुजलेला वाडा आहे. विनायकराव दर खेपेस जिवावर उदार होऊन हस्तराच्या लंगोटांतून मूठभर नाणीं आणतो, म्हणजे प्रत्येक नाण्याबरोबर त्याची किंमतही आपण पाहतों. सर्वांत मोठी किंमत पुढेंच आहे. बापानें शिकविलेली हांव मुलगा बापापेक्षांही अधिक शिकतो, आणि तिच्यापायीं बाप गेल्यावर, हातीं आलेली सारी संपत्ति नाकारतो.

यावर कोणी म्हणेल, कीं मग चित्रपटांनीं कीर्तनच करावें काय? मुळींच नाहीं. मोह दाखविलाच नाहीं तर मोहांत पडणारा नुसता मूर्ख ठरतो, आणि मूर्खाच्या नाशापासून शिकण्यासारखें फारसें कांहीं नसतें. सोनें सुंदर दिसलेंच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच, कीं जमाखर्चाच्या वहींतली केवळ जमेची बाजू दाखवूं नये. ती कॅमेऱ्याला आयती मिळते. खर्चाची बाजू शोधावी लागते. वाळवंटांतली तहान, गिरणींत गेलेला शेतकरी, बापाच्या हातचें धन नाकारणारा मुलगा, ही शोधून काढलेली खर्चाची बाजू होय. ती ज्यानें दाखविली, त्यानें कथेंतले कितीही प्रसंग बदलले असले तरी मूळ ग्रंथाशीं इमान राखलें, असें आम्ही म्हणूं.

प्रेक्षकांना चकचकाटच हवा असतो, ही सबबही आतां टिकणारी नाहीं. २०१८ सालीं बेताचाच प्रतिसाद मिळालेला ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्यें पुन्हां प्रदर्शित झाला, तेव्हां त्याचें उत्पन्न पहिल्या वेळेहून अधिक झालें. खर्चाचें पान वाचावयास लोक तयार आहेत. तें त्यांच्यापुढें उघडणारा मात्र हवा.