सक्तीने बसवलेलं

तलासरीतल्या एका छोट्या संस्थेच्या ऑफिसात देणगीत मिळालेला एक जुना कॉम्प्युटर होता. पावसाळ्यात इंटरनेट गेलं की या टेबलावरून त्या टेबलावरही मेल जायचा नाही. म्हणून ऑफिसातल्या ऑफिसात चालेल असा मेल सर्व्हर त्याच्यावर बसवायचं ठरलं. लिनक्स आधीपासून होतंच. मी घरूनच पेनड्राइव्हवर पोस्टफिक्स आणि त्याला लागणारी बाकीची पॅकेजेस घेऊन गेलो होतो. वित्झे वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं हे सॉफ्टवेअर १९९८पासून जगभर चालतंय. इथे का चालू नये?

पहिल्याच आज्ञेला उत्तर आलं: पॅकेजची रचना एएमडी६४, यंत्रणेची आय३८६, जुळत नाही. म्हणजे मी आणलेलं सॉफ्टवेअर ६४ बिटांच्या यंत्रणेसाठी बांधलेलं होतं आणि समोरची यंत्रणा ३२ बिटांची होती.

इथे थांबायला हवं होतं. पण पॅकेज बसवणाऱ्या साधनाला सक्ती करता येते. ‘रचना जुळत नसली तरी बसव’, ‘लागणाऱ्या गोष्टी नसल्या तरी बसव’, असं त्याला सांगायची सोय आहे. परतीची गाडी गाठायची होती. मी सक्ती केली. इशारा गेला, फाइल्स डिस्कवर उतरल्या, फोल्डर तयार झाले. मग प्रोग्रॅम सुरू व्हायची वेळ आली आणि स्क्रीनवर दोन-तीनच शब्द उमटले: एक्झेक फॉरमॅट एरर.

लिनक्समधल्या प्रत्येक चालवता येणाऱ्या फाइलच्या सुरुवातीलाच ती कोणत्या प्रोसेसरसाठी आहे याचा आकडा लिहिलेला असतो. ३ म्हणजे इंटेलच्या कुळातला ३२ बिटांचा, ६२ म्हणजे त्याच कुळातला ६४ बिटांचा. कर्नल तो आकडा वाचतो आणि चालणार नसेल तर सरळ नाही म्हणतो. मी ज्याला गप्प केलं होतं तो फक्त दारावरचा माणूस होता. घर तेच होतं.

बसवलेल्या पॅकेजेसची यादी काढली, तर पोस्टफिक्सचं नाव तिच्यात होतं! त्या यादीत प्रत्येक नावाच्या आधी दोन अक्षरं असतात. पहिलं सांगतं, तुम्हाला काय हवंय. दुसरं सांगतं, प्रत्यक्षात काय आहे. माझ्या ओळीत पहिलं अक्षर म्हणत होतं, ‘बसवायचंय’. दुसरं म्हणत होतं, ‘अर्धवट’. घाईत आपण नाव शोधतो, अक्षरं वाचत नाही. नाव आहे ना? मग झालं काम.

संस्थेच्या ताई शेजारी बसून हे सगळं बघत होत्या. बालवाडीचं काम त्यांच्याकडे आहे. त्या म्हणाल्या, “आमच्या पटासारखंच आहे की हे. नाव आहे, पोर नाही.”

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या डोक्यात आहे. दोन गोष्टी जुळत नसतील, तर बदलायचं कुणी? आणि ‘जुळत नाही’ असं खरं सांगणाऱ्याचं तोंड बंद करायचा हक्क कुणाला?

याच भागात हा प्रश्न फार पूर्वी विचारला गेला होता, मशिनबद्दल नाही, मुलांबद्दल. डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. मॉन्टेसोरीची पद्धत ताराबाईंनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करताना आत्मसात केली होती. ती पद्धत जन्मली १९०७ साली रोममध्ये, आणि तिची साधनं महागडी, कारखान्यात घडवलेली. ती जशीच्या तशी बोर्डीत आणून मांडता आली असती. अहवालात ‘मॉन्टेसोरी शाळा सुरू’ असं लिहिताही आलं असतं.

त्यांनी तसं केलं नाही. शंख-शिंपले, बिया, पानं, खडे अशी हाताशी असलेली साधनं घेतली. मुलं बालवाडीत येत नाहीत असं दिसलं, तेव्हा बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द त्यातून आला. १९५७मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं गुरं राखायला जात, म्हणून शिक्षकच त्यांच्यामागे कुरणात गेले. ती कुरणशाळा.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. मूळ कोड एकच असतो, पण तो प्रत्येक यंत्रणेसाठी तिथला तिथे पुन्हा बांधावा लागतो, कंपाइल करावा लागतो. ताराबाईंनी मॉन्टेसोरीचा मूळ कोड घेतला, रोममध्ये बांधलेलं पॅकेज सक्तीने उतरवलं नाही. मूल हाताने, स्वतःच्या गतीने शिकतं, हे तत्त्व तेच राहिलं. बदलला तो त्याचा आकार. मूल शाळेत येत नाही, हा त्यांनी मुलाचा दोष मानला नाही. तो त्यांच्या लेखी एरर मेसेज होता, आणि तो त्यांनी वाचला.

मग बदलायचं कुणी, याचं एक उत्तर इथे मिळतं: ज्याच्याकडे बदलायची ताकद जास्त आहे त्याने. कॉम्प्युटरच्या इतिहासातही असंच एक उदाहरण आहे. इंटेलने २००१मध्ये इटेनियम नावाचा ६४ बिटांचा प्रोसेसर आणला. जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅम त्याच्यावर रखडत चालायचे. २००३मध्ये एएमडीने दुसरा रस्ता धरला. त्यांचा ६४ बिटांचा प्रोसेसर जुने प्रोग्रॅम आहेत तसे, पूर्ण वेगाने चालवायचा. टिकली ती एएमडीची रचना. माझ्या पॅकेजवरचं ‘एएमडी६४’ हे नाव तिथूनच आलंय. मोठ्याने लहानाला सामावून घेतलं. उलट होऊच शकत नव्हतं, कारण ३२ बिटांच्या प्रोसेसरला ६४ बिटांचा प्रोग्रॅम कितीही दटावला तरी चालवता येत नाही.

इथपर्यंत आल्यावर मला वाटलं, उत्तर सापडलं. जाऊन ३२ बिटांचं पॅकेज आणायचं, या मशिनला झेपेल ते द्यायचं. पण निघण्याआधी प्रोसेसरची माहिती काढून बघितली. त्यात एक ओळ होती: चालण्याच्या पद्धती, ३२ बिट आणि ६४ बिट.

म्हणजे प्रोसेसर ६४ बिटांचाच होता! कधीतरी कुणीतरी त्याच्यावर ३२ बिटांचं लिनक्स टाकलं होतं. कदाचित तेव्हा मेमरी कमी असेल, कदाचित हाताशी तीच सीडी असेल. त्या माणसाला दोष द्यायला नको, त्या दिवशी ते बरोबरही असेल. पण नंतर येणारे आम्ही सगळे त्याचा निर्णय मशिनचा स्वभाव समजत राहिलो. ‘याला एवढंच जमतं.’

म्हणून ‘झेपेल ते द्यावं’ या वाक्याची मला आता थोडी भीती वाटते. त्यात माया असते, पण कधीकधी न तपासलेला निकालही असतो. आणि तो निकाल महागात पडतो. डेबियनने २०२५मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून ३२ बिटांच्या पीसीवर नवं इन्स्टॉलेशन देणं बंद केलं. ज्याला तुम्ही दयेपोटी जुन्यावर ठेवलंत, त्याची पुढची वाट हळूहळू बंद होत जाते. घरी वारली बोलणारं मूल पहिलीत पुस्तकी मराठीपुढे गप्प बसतं, तेव्हा दोन्ही चुका शक्य असतात. पुस्तक तसंच त्याच्यावर रेटायचं, ही एक. ‘यांना कशाला एवढं’ म्हणून कमी शिकवायचं, ही दुसरी. अंगणात शाळा नेणाऱ्यांनी दुसरीही चूक केली नव्हती. त्यांनी जागा बदलली, अपेक्षा कमी केली नाही.

ही तुलना फार ताणू नये. मशिन पुसून नवं लिनक्स टाकलं की झालं. मी शेवटी तेच केलं, आधी फाइल्सची प्रत काढून. मग तेच पेनड्राइव्हवरचं पॅकेज काही न बोलता बसलं. माणूस असा पुसता येत नाही, पुसूही नये. त्याची पहिली भाषा हा काही चुकून टाकलेला थर नसतो. आणि मशिन निदान स्पष्ट नाही म्हणतं. मूल म्हणत नाही. ते मागच्या बाकावर जातं, मग गैरहजर राहतं, आणि पटावर त्याचं नाव तसंच असतं.

संध्याकाळी ताईंनी शेजारच्या टेबलावर पहिला मेल पाठवला. तो पोचला. मग त्यांनी विचारलं, “ती माहितीची ओळ काढायला किती वेळ लागला?”

“दोन सेकंद,” मी म्हणालो.

“मग सकाळी आल्या आल्या का नाही काढली?”

परतीची गाडी केव्हाच गेली होती.