माजघराची भिंत

पाठ: नहेम्या, अध्याय ३, मत्तय ५:२३, २४



माण तालुक्यांत कुलूप लागलेलीं घरें कोणास नवीं नाहींत. १९७२ च्या दुष्काळांत कित्येकांनीं पोटासाठीं मुंबईची वाट धरली, आणि मागें राहिलेल्या घरांत वाळवीनें संसार मांडला. अशाच एका घराची हकीकत आज आम्ही आपणांस सांगणार आहों. तें आमच्या मंडळींतील एका जोडप्याचें आहे. नवऱ्याची नोकरी संपल्यावर दोघें गांवीं परत आलीं. घराच्या भिंती दगडमातीच्या, वर माळवद. गांठीं पैसा थोडा. म्हणून एका वर्षीं एकच खोली नीट करावयाची, असा त्यांनीं नेम केला.

पहिल्या वर्षीं सोपा हातीं घेतला. बाई जमीन सारवूं लागल्या, तोंच गवंडी म्हणाला, "बाई, आधीं वरचं बघा, मग खालचं." आमच्या भागांत पाऊस थोडा खरा, पण भाद्रपदांत एका रात्रींत जो कोसळतो, तो मातीच्या छताची परीक्षा घेतो. तेव्हां त्यांनीं माळवदावरील जुनी माती उतरविली, कुजलेलीं लांकडें बदललीं, पांढरी माती टाकून चोपली व पाणी वाहून जावें म्हणून उतार दिला. मगच जमीन सारवली.

दुसऱ्या वर्षीं स्वयंपाकघर. त्याच्या मातीच्या भिंतींस पूर्वीं कोणीं तरी सिमेंटाचा गिलावा केला होता. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसे. पण बोटानें ठोकतां पोकळ वाजे. मातीची भिंत ओल घेते आणि ओल सोडते. सिमेंट ती ओल बाहेर जाऊं देत नाहीं. म्हणून आंतल्या आंत माती सुटत जाते. त्या दोघांनीं तो सुंदर दिसणारा गिलावा छिनीनें काढला, भुसा घालून माती भिजत ठेविली आणि तिनें भिंती पुन्हां लिंपल्या.

तिसऱ्या वर्षीं माजघरापाशीं काम अडलें. त्याची एक भिंत धाकट्या भावाच्या घराशीं सामाईक. तुळईचें टोंक त्याच भिंतींत बसलेलें, आणि तें कुजलेलें. तें काढावयाचें तर भावाच्या बाजूनें दगड काढल्यावांचून उपाय नव्हता. वांटणीच्या वेळीं दोघांचें भांडण झालें होतें. मधला दरवाजा दगडांनीं बुजविलेला होता, आणि तेव्हांपासून बोलणें बंद. म्हणून तुळईखालीं टेकू देऊन माजघर तसेंच ठेविलें.

मग घराच्या प्रार्थनेसाठीं आम्हांस बोलावणें आलें. आम्हीं सर्व पाहिलें व म्हटलें, "दोन खोल्या छान झाल्या आहेत. तेथेंच प्रार्थना करूं. माजघराचें पुढें पाहतां येईल." त्यावर त्या बाई म्हणाल्या, "पाळकसाहेब, माजघर गळतंच आहे. प्रभूला काय, तेवढं सोडून बाकीच्या घरांत बसा म्हणावं?"

आम्ही निरुत्तर झालों. वेदीपाशीं आल्यावर भावाचें आठवलें तर अर्पण तेथेंच ठेवून आधीं त्याच्याकडे जावें, हें प्रभूचें वचन आम्ही कितीदां वाचून दाखवितों. पण त्या दिवशीं तें आम्हांस सुचलें नाहीं. प्रार्थना पुढें ढकलली. त्याच संध्याकाळीं नवरा भावाच्या दारीं गेला. त्यानें तुळईचें नांव काढलें नाहीं. वांटणीच्या दिवशीं आपण जे शब्द बोललों होतों, त्यांची क्षमा मागितली. भाऊ कांहींच बोलला नाहीं. परंतु चौथ्या दिवशीं सकाळीं भिंतीच्या पलीकडून दगड काढण्याचा आवाज ऐकूं आला. नवी तुळई बसली, तेव्हां तिच्या दुसऱ्या टोंकाखालीं त्या भावाचा खांदा होता. बुजविलेला दरवाजा अद्याप उघडलेला नाहीं. तसें झालें असें आम्ही सांगणार नाहीं. पण छत उभें आहे.

यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत पुरा झाला, तो एकट्या नहेम्याच्या बळानें नव्हे. कित्येकांनीं आपापल्या घरासमोरचा भाग बांधला. सोनार होते, सुगंधी द्रव्यें करणारे होते. शल्लूमाबरोबर त्याच्या मुलीही होत्या. आणि तकोवाच्या थोर लोकांनीं त्या कामास खांदा दिला नाहीं, हेंही शास्त्रानें लिहून ठेविलें आहे.

बंधुभगिनींनो, आपल्या अंतःकरणाचें घर एका दिवसांत नीट होत नाहीं. त्याची लाज नको. लाज वाटावी ती ह्याची, कीं एका खोलीला टेकू देऊन आपण घर पुरें झालें म्हणतों. बांधाच्या हातभर जमिनीवरून, विहिरीच्या पाळीवरून, आईबापांच्या भांड्यांवरून एकाच मंडळींतील दोन घरें प्रभुभोजनास दोन टोंकांना बसतात. वर गुळगुळीत गिलावा आहे, ठोकून पाहा. आणि उपदेशक बंधूंनो, आम्ही केलें तसें तुम्ही करूं नका. कोणी प्रार्थनेस बोलाविलें, तर त्यांचें माजघर आधीं पाहा, आणि त्याहून आधीं आपलें.

प्रभु आपणांस भावाच्या दारीं जाण्याचें धैर्य देवो. आमेन.