उद्याचा भरवसा

जंगल तुटते तेव्हा दोष कोणाचा? कुऱ्हाड चालवणाऱ्याचा, की त्या लाकडाच्या कोळशावर अन्न शिजवणाऱ्याचा? आफ्रिकेतील शहरांविषयी बोलताना हा प्रश्न हटकून निघतो, आणि उत्तरही ठरलेले असते: लोकांना कळत नाही!

झांबियाची राजधानी लुसाका घ्या. तेथे ‘म्बाऊला’ नावाच्या पत्र्याच्या शेगडीत लोणारी कोळसा जळतो. मातीच्या भट्टीत एक किलो कोळसा पाडायला ५ ते १० किलो लाकूड खर्ची पडते. हा हिशेब उघड नासाडीचा आहे. मग शहाणीसुरती माणसे तो का पत्करतात?

पहिले कारण गरिबी. कोळसा त्या दिवसापुरता, लहानशा पिशवीतही मिळतो. गॅसच्या सिलिंडरला पैसे एकदम मोजावे लागतात. हातावर पोट असणाऱ्याला घाऊक स्वस्ताई परवडत नाही. तो तेच थोडेथोडे घेतो आणि जास्त मोजतो.

पण एवढ्याने भागत नाही. ज्यांच्याकडे विजेची शेगडी आहे, अशा घरांतही कोळशाचे पोते असते. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावर होते. २०२४ साली पावसाने दगा दिला, झांबेझी नदीवरील करिबाचा जलाशय आटला आणि वीज तासन्‌तास जाऊ लागली. कोळसा मात्र धरणाची वाट पाहत नाही. ते पोते म्हणजे उद्याच्या जेवणाचा भरवसा.

हा भरवसा हुकमाने काढून घेता येत नाही. २००९ च्या आरंभी चाड देशात कोळशावर बंदी आली, तेव्हा राजधानी एन्जामेनात काहींनी घरातले लाकडी सामान फोडून चूल पेटवली.

म्हणून झाड तोडणे निर्दोष ठरते काय? नाही. दोष नाहीसा होत नाही. तो जागा बदलतो. गॅस हाताशी असून केवळ चवीसाठी निखारे फुलवणाऱ्याने तो स्वतःच्या माथी घ्यावा. पण जिच्यापुढे दुसरी वाट भरवशाची नाही, तिच्या कोळशाला आपण निवड म्हणणे हा शब्दांचा अपराध आहे. तेथे दोष अशांचा, ज्यांच्या हाती ती वाट पक्की करणे होते आणि ज्यांनी ती केली नाही. त्यांच्या हातांना काजळी लागत नाही, एवढेच.