शेवटची होडी

तरसालीच्या आयटीआयमध्ये फिटरचा कोर्स करणारा एक मुलगा होता. घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि डोक्यात सदानकदा समुद्र. एनसीसीच्या नौदल शाखेतून कोकण किनाऱ्याच्या सफरीला त्याची निवड झाली, तेव्हा आजी म्हणाली, "सगळ्यांच्या बरोबरीनं राहा रे बाबा." त्यानं या कानानं ऐकलं, त्या कानानं सोडून दिलं.

मांडव्याहून चार व्हेलर निघाल्या. २७ फुटी, शिडाच्या होड्या. पहिल्याच दिवशी याची होडी सगळ्यांना मागे टाकून तासभर आधी रेवदंड्याला लागली. शाबासकीच्या आशेनं तो सरांपुढे उभा राहिला. सर म्हणाले, "उद्या तू शेवटी. कुणाच्याही पुढे जायचं नाही."

त्याचं तोंड एवढंसं झालं. सकाळी जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर होड्या मुरूडकडे निघाल्या. हा शीड ढिलं सोडून, मनात धुसफुसत मागे रखडत होता. दुपारी वायव्येचा वारा भरला. काशिदसमोर तिसऱ्या होडीची शीड चढवायची दोरी तुटली. शीड धाडकन खाली आलं, होडी लाटांना आडवी झाली आणि किनाऱ्याच्या खडकांकडे सरकू लागली.

पुढच्या दोन्ही होड्या लगेच वळल्या. पण शिडाच्या होडीला वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही. डावीकडे, उजवीकडे नागमोडी घेत त्या जेमतेम पुढे येत होत्या. मागून येणाऱ्या याच्या पाठीशी मात्र वारा होता. शीड भरलं आणि चार-पाच मिनिटांत तो पोचला. फेकलेला दोर त्या पोरांनी झेलला, खुंटाला दोन वेढे दिले, आणि याची होडी त्यांना खोल पाण्याकडे ओढत निघाली.

संध्याकाळी पद्मदुर्ग दिसेल अशा जागी नांगर पडले.

"सर, तुम्हाला आधीच ठाऊक होतं?"

"दोरी तुटणार हे कुणाला ठाऊक असतं? दुपारी वारा कुठून येणार, ते ठाऊक होतं." सर हसले. "सतराव्या शतकात तुमच्या गुजरातेतल्या खंबायतहून गोव्याला व्यापारी गलबतांचे ताफे याच वाटेनं जायचे. बरोबर पोर्तुगीजांची लढाऊ जहाजं असायची. एकटं पडलेलं गलबत चाचे गाठायचे. मग ते मागे रेंगाळलेलं असो की घाईनं पुढे गेलेलं. काल तू एकटा पडला होतास, आणि तुला वाटत होतं की जिंकलास."

दुसऱ्या दिवशी क्रम ठरताना त्यानं शेवटची जागा स्वतःहून मागून घेतली.

तात्पर्य: पुढे गेलेल्याला मदतीसाठी परतायचं तर वाऱ्याशी झगडावं लागतं; मागे राहिलेल्याला वाराच पोचवतो. म्हणून ताफ्यातल्या सगळ्यांत तरबेज माणसाची जागा शेवटी.