धूर दिसला, बाई दिसली नाही

न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे शतकानुशतके एकच डोंगर उभा आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणजे तिथे विस्तव असणार. कशावरून? स्वयंपाकघरात तसेच पाहिले आहे म्हणून. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’तही हाच दाखला आहे.

दाखला चोख. फक्त त्या स्वयंपाकघरात कोणीतरी बसलेले असते, याची नोंद अनुमानाला लागली नाही.

नैयायिकांची नजर काही भोंगळ नव्हती. विस्तव असेल तिथे धूर असेलच, हे उलटे विधान त्यांनी खोडून काढले. लालबुंद तापलेल्या लोखंडी गोळ्यात विस्तव असतो, धूर नसतो. धुरासाठी आणखी एक अट लागते, ती म्हणजे ओले सरपण. चुलीच्या दुखण्याचे निदानच म्हणायचे हे! कोकणात आषाढात सादळलेली लाकडे पेटवणाऱ्या बाईला ही अट कोणी शिकवावी लागत नाही. भाकरी उलटायची, पदराने डोळे पुसायचे, पुन्हा फुंकणी तोंडाला लावायची. आणि फुंकर घालण्यासाठी छाती भरून घ्यायची ती त्याच धुराने. प्रत्यक्ष हे पहिले प्रमाण मानणाऱ्या शास्त्राने हे प्रत्यक्ष कोणाचे, असे विचारायला हवे होते. स्वयंपाकघरातल्या सोवळ्यानेही स्पर्शाचा विटाळ मोजला, श्वासाचा नाही.

धूर विस्तवाची खूण न राहता स्वतःच तपासाचा विषय झाला तो फार उशिरा. संशोधक कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधल्या चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात किती धूलिकण जातात ते मोजले. तो निबंध 1983 साली आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 साली घरातल्या प्रदूषित हवेने जगभरात सुमारे 32 लाख माणसे दगावली. त्यात हृदयविकार आहे, पक्षाघात आहे, लहान मुलांचा न्यूमोनिया आहे. जन्मात विडी न ओढलेल्या बाईला जडणारा दम्यासारखा फुप्फुसांचा जुनाट विकारही त्यातलाच.

2016 साली गरीब घरांना गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना आली आणि निळी ज्योत खेड्यात पोचली. गॅसच्या ज्योतीतूनही नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, पण चुलीच्या मानाने तो त्रास किरकोळ. अडते ते दुसरीकडेच. चहा आणि भाजी गॅसवर होते. आंघोळीचे पाणी मात्र कित्येक घरांत अजून चुलीवरच तापते, कारण सिलिंडर पुरवून वापरायचा असतो.