रिकाम्या चढायांचा हिशोब

आमच्या विंचूरच्या उपबाजारात कांद्याच्या एका ट्रॉलीचा लिलाव उरकायला मिनिटभरही पुरतं. व्यापाऱ्यांचा घोळका येतो. एक जण ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालून खालचे चार कांदे उपसतो, एखादा दाबून बघतो, पत्ती बघतो आणि आकडा पुकारतो. दुसरा त्यावर वाढवतो. आकडा थांबला की चिठ्ठी फाडली जाते आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. चार महिन्यांचं पीक असं चार कांद्यांवरून ठरतं. लहानपणी आप्पांबरोबर ट्रॉलीवर बसून मी हे कित्येकदा पाहिलं आहे. त्यात काही चुकीचं आहे असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. कांदा पारखायची दुसरी रीत काय असणार?

हे सगळं मला गेल्या हिवाळ्यात निराळ्याच कारणाने आठवत राहिलं. मला एका पोराचा भाव काढायला सांगितलं होतं.

पोरगा एकोणीस वर्षांचा. गावात कबड्डी खेळतो, उजव्या बाजूचा मध्यरक्षक. ज्या निवड चाचणीला व्यावसायिक संघांचे लोक मुलं हेरायला येतात, अशा एका चाचणीला तो जाणार होता. त्याला शिकवणारे सर घरी आले. मी तेव्हा पुण्याहून महिनाभर घरूनच काम करायला आलो होतो. सर म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला. याचे आकडे नीट काढून दे. आजकाल तोंडी शिफारशीला कोणी विचारत नाही."

मोबाइलवर काढलेले अकरा सामन्यांचे व्हिडिओ होते. मी एक स्प्रेडशीट उघडली आणि संध्याकाळचं काम म्हणून मोजायला बसलो. पकडीचा प्रयत्न कोणी केला, यशस्वी झाला की नाही, गुण किती. चार दिवसांत हिशोब तयार झाला. अकरा सामने, तेवीस प्रयत्न, अकरा यशस्वी पकडी. सामन्याला एक. त्याच संघातल्या डाव्या कोपरारक्षकाच्या नावावर चौतीस.

दुसऱ्या दिवशी पोरगा भेटला. "दादा, माझा आकडा किती आला?"

मी सांगितला.

"म्हणजे कमीच की," म्हणाला आणि गेला.

पुढच्या रविवारी शेजारच्या गावात सामना होता. मी बघायला गेलो. पोरगा त्या दिवशी ओळखू येत नव्हता. चढाईपटू आत शिरला की हा साखळी सोडून झेपावायचा. पाच पकडी केल्या, लोकांनी शिट्ट्या मारल्या. पण तो पुढे झेपावला की त्याची जागा मोकळी पडायची आणि त्या फटीतून चढाईपटू निवांत मध्यरेषेकडे परतायचा. आमचा संघ नऊ गुणांनी हरला. सर चिडून म्हणाले, "हा आज कोणासाठी खेळला?"

मला माहीत होतं. तो माझ्या स्प्रेडशीटसाठी खेळला होता.

घरी येऊन मी ते अकरा सामने पुन्हा लावले. या वेळी पकडी सोडून दिल्या आणि चढाईपटू कुठे जातो एवढंच पाहिलं. दर चार चढायांमधल्या जवळपास तीन डावीकडे वळत होत्या. उजवीकडे यायचे, आमच्या पोराचे खांदे आणि पाय बघायचे, आणि वळायचे किंवा तीस सेकंद संपवून हात हलवत परत जायचे. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. अशा अडलेल्या चढाईत डावीकडे गेलेला गडी डाव्या कोपऱ्याच्या हाती लागत होता. कोपऱ्याच्या चौतीस पकडींमधल्या बऱ्याच अशा होत्या. त्या खोट्या नव्हत्या. पण त्यांच्या मागे एक माणूस नुसता योग्य जागी उभा होता, आणि माझ्या तक्त्यात त्याच्यासाठी रकानाच नव्हता.

बचावाच्या खेळाचा हा जुनाच पेच आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये सेफ्टी नावाची जागा असते, बचावफळीत सगळ्यात मागे उभा राहणारा गडी. तो नीट उभा असेल तर चेंडू त्याच्या बाजूला फेकलाच जात नाही, म्हणजे त्याचं उत्तम काम दिसतच नाही. तिथे कॉलेजच्या मुलांची व्यावसायिक निवड होण्याआधी त्यांना चाळीस यार्ड पळवून घड्याळ लावतात. २०२२ साली नोत्र दाम विद्यापीठाचा काइल हॅमिल्टन हा सेफ्टी ४.५९ सेकंदांत पळाला. त्या जागेसाठी हे जरा संथच. आधी पहिल्या काही नावांत गणला जाणारा हा मुलगा चौदाव्या क्रमांकावर बाल्टिमोरकडे गेला आणि पुढच्याच वर्षी देशातल्या सर्वोत्तम बचावपटूंच्या संघात निवडला गेला. घड्याळ खोटं बोललं नव्हतं. त्याला विचारलेला प्रश्नच तोकडा होता.

माझ्या धंद्यातला माणूस इथे लगेच म्हणेल, मग रकाना वाढव. मीही वाढवला: 'रिकाम्या चढाया'. आणि तिथेच थबकलो. हा आकडा मी पोराला सांगितला असता तर पुढच्या रविवारी काय झालं असतं? कदाचित तो खांबासारखा उभा राहिला असता. पकडायचा गडीही त्याने सोडून दिला असता, कारण चढाई रिकामी जाणं आता मोलाचं झालं होतं.

म्हणजे माझी चूक फक्त मोजणीतली नव्हती. ट्रॉलीतल्या कांद्याला आपला भाव ऐकू येत नाही. क्विंटलला आठशे पुकारा की अडीच हजार, तो आहे तसाच राहतो. माणूस आपला आकडा ऐकतो, घरी नेतो, रात्री त्याच्याशी बोलतो आणि सकाळी त्या आकड्याच्या मापाचा होऊ लागतो. कांटने १७८५ सालच्या पुस्तकात किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला होता. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच मोलाचं दुसरं काही ठेवता येतं, माणसाच्या बाबतीत तसं करता येत नाही. इंजिनिअरिंगला असताना हे मला परीक्षेपुरतं वाक्य वाटलं होतं. त्या पाच पकडी पाहिल्यावर त्याचा एक व्यवहारी अर्थ कळला. माणसाचं मोजमाप करणं म्हणजे त्याच्यावर काहीतरी करणं असतं. मोजणारा काठावर उभा नसतो.

मग मोजूच नये का? हे मी सरांना विचारलं. सर माझ्यावरच उखडले. म्हणाले, "आधी काय होतं माहितीये? कोणाचा पोरगा, कोणाच्या ओळखीचा, कोणी फोन केला. याच्या बापाला कोण ओळखतं? आकडा तरी बाजूने बोलेल." माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला स्वतःला नोकरी एका ऑनलाइन चाचणीच्या गुणांवर लागली. त्या चाचणीने माझं आडनाव विचारलं नाही, इंग्रजी उच्चार ऐकले नाहीत. मोजमापाला नावं ठेवणं हे बहुतेकदा ज्याचं माप चांगलं भरलं त्यालाच परवडतं.

शिवाय किंमत ही वाटते तितकी पक्की नसते. प्रो कबड्डीच्या २०१८च्या लिलावात कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाने ३६.४ लाखांना घेतला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी १.४५ कोटी मोजले. एका वर्षात तो चार माणसांएवढा झाला नव्हता. लोकांना तो एक मोसम दिसला, इतकंच. आकडा माणसाबद्दल जेवढा असतो तेवढाच बघणाऱ्यांनी आतापर्यंत काय बघितलं याबद्दलही असतो.

तेव्हा मी पुन्हा बाजाराकडे वळलो. लिलावात मला नेहमी दिसायचं ते कांदा, व्यापारी आणि आकडा. आप्पा दिसत नव्हते. ते ट्रॉलीला टेकून उभे असायचे. व्यापाऱ्याने वरचाच एखादा खराब कांदा उचलून भाव पाडला तर म्हणायचे, "खाली हात घाला शेठ." भाव पटला नाही तर "नाही द्यायचा" म्हणायचा हक्क त्यांना होता, आणि एक-दोनदा भरलेली ट्रॉली त्यांनी घरी परत आणलेली मला आठवते. पुढे खळ्यावर माल उतरवताना व्यापाऱ्याने वांधा काढला तर तिथेही ते भांडायला उभे असायचे. कांदा मुका होता, पण त्याच्या बाजूने बोलणारं माणूस हजर होतं. पोराच्या ट्रॉलीजवळ कोण होतं? मी होतो, पण मी व्यापाऱ्याच्या बाजूने हात घालून चार कांदे उपसत होतो.

चाचणीला आठ दिवस होते. मी पोराला घरी बोलावलं, लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हटलं, तक्ता आपण दोघं मिळून करू. त्याची माफी मागायचा विचार होता, पण ते शब्द जड वाटले. तीन संध्याकाळी आम्ही व्हिडिओ थांबवत थांबवत पाहिले. मी ज्या चढाया त्याच्या नावावर रिकाम्या म्हणून लिहिल्या होत्या, त्यांतल्या एकीवर तो थांबला.

"दादा, ही माझी नाही."

"का? तुझ्याकडे येऊनच वळला ना तो?"

"नाही. माझ्या मागच्या कोपऱ्याने पाय टाकला, तो बघून वळला. मी तर चुकलोच होतो, उजवा पाय मागे राहिला होता. काढून टाका."

अशा सहा चढाया त्याने स्वतःच्या खात्यातून काढायला लावल्या. तीन ठिकाणी मला न दिसलेली गोष्ट दाखवली: मधल्या गड्याला त्याने नुसत्या हाताच्या दाबाने मागे ओढलं होतं. त्याचा खेळ माझ्या कुठल्याही रकान्यापेक्षा त्याला जास्त कळत होता, आणि त्याबद्दल तो माझ्यापेक्षा जास्त खरं बोलत होता. पहिल्या दिवशीच विचारलं असतं तर?

शेवटी तक्ता दोन पानांचा झाला. पहिल्या पानावर आकडे, पकडीसुद्धा, एकही न लपवता. दुसऱ्यावर आठ प्रसंग आणि प्रत्येकाखाली त्याच्या शब्दांत दोन ओळी. खाली मी लिहिलं की हे व्हिडिओ एकाच कोनातून काढलेले आहेत आणि समोरचे बरेचसे संघ गावपातळीवरचे होते. सर म्हणाले, "हे कशाला? कोण वाचणार? उलट पडायचं." कदाचित उलट पडलंही असेल. पोराची निवड झाली नाही. ते दुसरं पान कोणी उलटलं का, हे मला कळायला मार्ग नाही. नुसत्या पकडींचा सजवलेला तक्ता दिला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न माझ्याजवळ आहे आणि तो मी सोडवून टाकलेला नाही.

पुण्याला परतायच्या आदल्या संध्याकाळी मैदानावर गेलो. सराव चालू होता. चढाईपटू उजवीकडे आला, पोराने गुडघे वाकवले, एक पाऊलही पुढे टाकलं नाही. तो डावीकडे वळला आणि कोपऱ्याने त्याचा घोटा धरला. सगळे कोपऱ्याच्या पाठीवर थापा मारायला धावले. पोरगाही धावला. परत जागेवर येताना त्याने माझ्याकडे बघून एक बोट वर केलं, एक मोजा म्हणून, आणि लगेच हसून ते खाली घेतलं.